रूपमतीची नदी, बाजबहादुराचे गाणे

मांडूच्या पठाराची दक्षिण कड जिथे एकाएकी तुटते, तिथे रूपमतीचा मंडप उभा आहे. खाली हजार फुटांहून अधिक खोल निमाडचे मैदान पसरलेले, आणि त्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, हवा स्वच्छ असेल तर, नर्मदेची एक बारीक रुपेरी रेघ. पावसाळ्यात, म्हणजे मांडू पाहायला लोक ज्या ऋतूत गर्दी करतात त्याच ऋतूत, ती रेघ बहुधा दिसत नाही. ढगच मंडपाच्या कमानींतून आरपार जात असतात. वाटाडे तरीही दक्षिणेकडे बोट दाखवतात आणि पाहणारेही मान डोलावतात. प्रेमकथेच्या स्थळी आलेला माणूस काही गोष्टी न दिसताही पाहिल्या असे मानायला तयार असतो.

हा मंडप प्रेमासाठी बांधलेला नाही. खालच्या मैदानावर नजर ठेवणारी ती पहाऱ्याची चौकी होती, आणि गच्चीवरच्या दोन घुमटाकार छत्र्या तिच्यावर मागाहून आल्या. खालच्या बाजूला असलेला बाजबहादुराचा महालही बाजबहादुराने बांधलेला नव्हे. नसिरुद्दीन खिलजीच्या काळात, १५०८-०९ च्या सुमारास तो उभा राहिला असे तिथला शिलालेख सांगतो. दोघेही दुसऱ्यांच्या घरांत राहिले आणि ती घरे त्यांच्या नावांची झाली. इतिहासाने दिलेली वास्तू दंतकथा अशी सहज बळकावते आणि कोणी तक्रार करीत नाही.

कथेतील रूपमती नर्मदाकाठची. कोणी तिला धरमपुरीची म्हणतात, कोणी सारंगपूरची गायिका म्हणतात. तथापि नदीवाचून तिची कथा कोणीच सांगत नाही. शिकारीला निघालेल्या सुलतानाला रानात तिचे गाणे ऐकू आले, तो आवाजाच्या मागाने गेला आणि तिला मांडूला चलण्याची विनवणी करू लागला. तिने घातलेली अट प्रसिद्ध आहे: रेवेचे दर्शन घेतल्यावाचून ती अन्न घेत नाही, तेव्हा रेवा मांडूच्या माथ्यावर आली तरच ती येईल. नदी डोंगर चढत नाही हे तिला ठाऊक नसेल असे नाही. अशक्य अट घालणे हा नकार देण्याचा एक सभ्य मार्ग असतो, विशेषतः समोर राजा उभा असेल तेव्हा. पण राजाने अट शब्दशः घेतली. नदीनेच त्याला पठारावरच्या एका झऱ्याची खूण सांगितली, तो झरा खोदून कुंड बांधले गेले, आणि त्या पाण्याला रेवाच मानायचे असे ठरले. रेवाकुंड आजही मंडपाच्या वाटेवर आहे. परिक्रमावासीयांना ते नर्मदेइतकेच पवित्र वाटते.

रूपमतीच्या बाजूने पाहिले, तर या अटीत भक्तीबरोबर सावधपणाही दिसतो. कारण तिने साक्षीला घेतलेली नदी साधी नाही. नर्मदेची स्वतःची एक कथा अमरकंटकापासून गुजरातपर्यंत लोकांच्या तोंडी आहे. शोणभद्राशी तिचा विवाह ठरला होता. लग्नाआधी तिने जोहिला या दासीला त्याच्याकडे धाडले आणि शोण त्या दासीवरच भुलला. नर्मदेने हे पाहिले आणि ती पाठ फिरवून पश्चिमेला निघाली, ती समुद्रापर्यंत. पुन्हा तिने वळून पाहिले नाही. ती कुमारिकाच राहिली. अशा नदीला रोज हात जोडणाऱ्या स्त्रीला पुरुषाच्या शब्दाचे मोल कोणी समजावून द्यावे लागले नसेल. सुलतानाच्या जनानखान्यात शिरताना तिने स्वतःजवळ एक गोष्ट ठेवून घेतली, दिवसातून एकदा दुसरीकडे पाहण्याचा हक्क. महालाकडे पाठ करून ती मंडपात उभी राहत असेल, तेव्हा समोरची ती बारीक रेघ तिची स्वतःची होती. तिथे तो नव्हता.

बाजबहादुराची बाजू सांगणे अवघड आहे, कारण त्याचे पुष्कळसे आयुष्य इतिहासाला ठाऊक आहे. माळव्याचा सुभेदार शुजाअतखान याचा हा मुलगा. नाव बायजीद. १५५५ च्या सुमारास बाप गेला. दौलतखान या भावाला ठार करून त्याने वाटेकरी दूर केला आणि सुलतान म्हणून छत्र धरले. मग गढ्याच्या राणी दुर्गावतीवर तो चाल करून गेला आणि तिने त्याची पुरी दाणादाण उडविली. या पराभवानंतर तो गाण्यात बुडाला असे फारसी बखरकार सांगतात, आणि ते तुच्छतेने सांगतात. एका स्त्रीकडून रणांगणात हरलेला राजा दुसऱ्या स्त्रीच्या गाण्यात तोंड लपवून बसला, असा त्यांचा सूर आहे.

हा न्याय पुरता खरा वाटत नाही. बाजबहादूर शौकीन श्रोता नव्हता, तो स्वतः गवई होता आणि त्याच्या शत्रूंनीही ते मान्य केले आहे. राज्य हे त्याला वारशाने मिळालेले आणि भावाच्या रक्ताने माखलेले काम होते. गाणे मात्र त्याने कमावलेले होते. रूपमतीच्या रूपाचे पुष्कळ वर्णन होते, पण कथेच्या मुळाशी आहे तो आवाज. तिला पाहण्याआधी त्याने तिला ऐकले. ज्याच्या तोंडावर खरे बोलायला कोणी धजत नाही, अशा माणसाला बरोबरीने सूर लावणारे कोणी भेटले, तर ते त्याला राज्याहून मोठे वाटावे यात नवल नाही. त्याने तिच्यासाठी झरा शोधला आणि नदी दिसेल अशी जागा दिली. तिची रेवा त्याने तिच्याकडेच राहू दिली. एक मुसलमान सुलतान आणि एक हिंदू गायिका यांच्या या कथेत देव बदलण्याचा प्रसंग येत नाही, हे तिचे दुर्मीळ सौंदर्य आहे.

मार्च १५६१ मध्ये अकबराचा सेनापती आदमखान माळव्यात उतरला. सोबत पीर मुहम्मद होता. बाजबहादूर सारंगपुराजवळ लढाईला उभा राहिला आणि हरला. इथपर्यंत कथा आणि इतिहास हातात हात घालून येतात. यानंतर जे घडले ते कथा सांगणारे बहुधा घाईने उरकतात, कारण ते प्रेमकथेत बसत नाही.

लढाईला निघण्यापूर्वी बाजबहादुराने आपल्या स्त्रियांवर विश्वासू माणसे नेमली होती आणि पराभवाची वार्ता येताच त्या सर्वांना ठार करावे असा हुकूम ठेवला होता. अबुल फझल हे लिहितो, आणि त्याला त्यात अद्भुत काही वाटत नाही. त्या काळी राजे असे हुकूम ठेवीत. वार्ता आली, तलवारी चालल्या. रूपमतीवरही वार झाले, पण ती मेली नाही. घाई झाली असेल, हात थरथरला असेल. शत्रू येऊन पोचला तेव्हा ती जखमी आणि जिवंत होती.

दोन्ही बाजूंनी पाहावे असा या कथेतला खरा क्षण हाच आहे. बाजबहादुराच्या मनात त्या हुकुमाला प्रेमाचेच नाव असेल. ती दुसऱ्याच्या हाती पडू नये, एवढेच त्याने पाहिले. पण तो स्वतः मात्र मेला नाही. डाव उलटल्याचे दिसताच त्याने घोडा दक्षिणेकडे, खानदेशाच्या वाटेला फेकला. रूपमतीच्या बाजूने हा क्षण असा आहे: दारात आलेली तलवार शत्रूची नव्हती. ज्याने तिच्यासाठी डोंगरावर नदी शोधली, त्याच्याच नावाने ती उगारली गेली होती. शोणाने नर्मदेला फसविले ते दासीच्या मोहाने. इथे मोह नव्हता, फसवणूकही नव्हती. म्हणून तर पाठ फिरवून चालू लागण्याची वाटही तिला उरली नाही.

आदमखानाने तिची शुश्रूषा करविली आणि मग तिला बोलावणे धाडले. पुढचे सर्वांना माहीत आहे. तिने होकार कळविला, साजशृंगार केला, विष घेतले आणि ती पलंगावर निजून राहिली. तो आला तेव्हा त्याच्या हाती एक प्रेत लागले. हे मरण बाजबहादुरासाठी होते असे सगळे गातात. तसे असेलही. पण त्याने नेमून दिलेले मरण तिने मागेच ओलांडले होते. हे दुसरे मरण तिने आपल्या वेळी, आपल्या हाताने घेतले, आणि यात कोणाचा हुकूम नव्हता.

त्याच लुटीतल्या आणखी दोघींची हकीकत अबुल फझलने नोंदली आहे. अकबर स्वतः सारंगपुरास धावून आला, आदमखानाने लपविलेली लूट त्याने वसूल केली, तरी दोन सुंदर स्त्रिया आदमखानाने पुन्हा चोरल्या. शोध सुरू झाला तेव्हा त्याची आई माहम अनगा हिने, त्या दोघी बोलल्या तर मुलाचे बिंग फुटेल म्हणून, त्यांना मारविले. त्यांची नावे नाहीत, मंडप नाही, कुंड नाही. त्या गात होत्या की नाही हेही कोणी लिहिलेले नाही. रूपमतीच्या कथेला कवी मिळाले आणि त्या दोघींना एक वाक्य मिळाले. पुढच्या वर्षी, १५६२ मध्ये, शमसुद्दीन अतगाखानाचा खून केल्याबद्दल अकबराने आदमखानाला आग्र्याच्या किल्ल्याच्या गच्चीवरून खाली फेकविले, एकदा नव्हे, दोनदा.

बाजबहादूर जगला. खानदेशच्या मुबारकशाहाने त्याला थारा दिला. पाठलाग करीत पीर मुहम्मद नर्मदा ओलांडून बुऱ्हाणपुरापर्यंत घुसला आणि त्याने ते नगर लुटले. तेव्हा मुबारकशाह, वऱ्हाडचा तुफालखान आणि बाजबहादूर एकत्र आले. माघार घेणारा पीर मुहम्मद लुटीसह नर्मदा उतरत असता उंटांच्या तांड्याचा धक्का लागून त्याचा घोडा कोलमडला आणि तो प्रवाहात बुडाला. दंतकथाकाराने रचला असता तर याहून चोख प्रसंग रचता आला नसता: सारंगपूरच्या कत्तलीत हात असलेला माणूस रूपमतीच्याच नदीने गिळला. आश्चर्य असे, की ही घटना इतिहासात आहे आणि प्रेमकथा सांगणारे तिच्याकडे वळत नाहीत. त्यांची कथा रूपमतीबरोबर संपलेली असते.

बाजबहादूर पुन्हा मांडूत आला, पण काही महिनेच. अब्दुल्लाखान उझबेगाने त्याला त्याच वर्षी हुसकून लावले. ते थोडे दिवस त्याने त्या पठारावर कसे काढले असतील? रेवाकुंडाचे पाणी तसेच होते, गोरखचिंचेची अवाढव्य झाडे तशीच होती, आणि चौकीवरून नदीही दिसत असणार. मंडपात जाऊन त्याने ती पाहिली की नाही, बखरी सांगत नाहीत. पुढे आठ वर्षे तो भटकला. बागलाणच्या राजाकडे, गुजरातेत, अहमदनगरच्या निजामशाहाकडे, मेवाडात उदयसिंहाकडे. आश्रय मागण्याची सवय झालेला राजा हे दृश्य त्या शतकात नवे नव्हते. अखेर १५७० साली नागोर येथे तो अकबरासमोर आला, मनसबदार झाला, आणि अबुल फझलने ‘ऐन-इ-अकबरी’त दिलेल्या दरबारी गायकांच्या यादीत, तानसेनापासून सुरू होणाऱ्या त्या यादीत, माळव्याच्या या माजी सुलतानाचेही नाव अद्वितीय गायक म्हणून नोंदले गेले.

जिच्या मरणाला ज्याची फौज कारण झाली, त्याच्याच दरबारात हा माणूस गायला. पुष्कळांना हे सहन होत नाही. सच्चा प्रियकर मरायला हवा होता, निदान मुका व्हायला हवा होता. कथेचे शास्त्र तसे आहे खरे. सस्सी वाळवंटात मातीत मिसळते, सोहनी कच्च्या घड्यासकट बुडते आणि तिच्यामागून महिवालही पाण्यात उडी घेतो. पण बाजबहादुराकडे गाण्यावाचून आता काहीच उरले नव्हते, आणि ते गाणे अर्धे तिचे होते. दरबारात सूर लावताना एखादी जागा तिच्या गळ्यातून आलेली असेल, ती घेताना तो क्षणभर थांबत असेल. ऐकणाऱ्यांना ती गायकाची खुबी वाटत असेल. त्याची लाज त्याच्या स्वरात होती की नाही, हे स्वर विरल्यावर कोणाला सांगता येणार?

रूपमतीच्या मरणानंतर अडतीस वर्षांनी, १५९९ साली, अहमद उल्-उमरी नावाच्या एका तुर्कमानाने ही कथा फारसीत लिहिली. एल. एम. क्रम्प यांचे तिचे इंग्रजी भाषांतर १९२६ साली प्रसिद्ध झाले. तिच्या नावावरची काही पदेही त्यात आहेत. ती पदे तिचीच असतील असे छातीठोकपणे म्हणणे कठीण, तरी माळव्यात ती तिचीच मानली जातात. पुढे अठराव्या शतकात चित्रकारांनी हे दोघे उचलले. चांदण्या रात्री दोन घोडे शेजारी शेजारी चाललेले, दोघांची मुखे एकमेकांकडे वळलेली. पहाडी चित्रशाळांतही हे चित्र पुन्हा पुन्हा रंगविले गेले. त्याच शतकात माळवा मराठ्यांच्या हाती आला आणि मांडू धारच्या पवारांच्या राज्यात राहिले. चित्रांत ती कधीच नदीकडे पाहत नाही. त्याच्याकडेच पाहते.

दोघांच्या समाधीविषयी मात्र लोकांचे एकमत नाही. उज्जैनीत एका तलावाच्या मध्यभागी ते दोघे शेजारी निजले आहेत असे काहीजण सांगत आले. सारंगपूरकर आपल्याकडच्या जुन्या थडग्याकडे बोट दाखवतात आणि रूपमती इथे एकटीच आहे असे म्हणतात. उन्हाळ्यात कुंडाचे पाणी तळाशी जाते, तेव्हा मंडपाकडे चढणाऱ्या वाटेवर बायका क्षणभर थांबतात, ओंजळभर पाणी घेतात आणि पुढे निघतात. खाली निमाडात धूळ उठलेली असते. त्या धुळीपलीकडे नदी आहे.