आपाचे १३.८

औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरात एक विक्रम तीस वर्षांहून जास्त काळ टिकून होता. आपाने नववीत असताना शंभर मीटर १३.८ सेकंदांत पार केले होते. खेळाच्या सरांनी हातातल्या घड्याळावर मोजलेली ती वेळ प्रमाणपत्राच्या मागे पेन्सिलीने लिहून दिली. पुढच्या वर्षी आपाचे धावणे बंद झाले. मोठ्यांनी ठरवले, आम्ही दोघे भाऊ गप्प बसलो.

मागच्या हिवाळ्यात धाकटी विभागीय स्पर्धेत धावली. यंत्राने वेळ दाखवली १३.९४. घरी आली ती रडतच. "फुफीला हरवता आलं नाही!" आपा स्वयंपाकघरात होती, तिने ऐकले असावे.

मग आम्ही पोरीला जिम हाइन्सची गोष्ट सांगितली. १९६८ साली हा अमेरिकन धावपटू हातघड्याळावर ९.९ सेकंदांत धावला आणि त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये यंत्रावर ९.९५. माणूस हळू झाला नव्हता. पिस्तुलाचा धूर दिसल्यावर अंगठा दाबायला क्षणभर उशीर होतो. शेवटची रेघ मात्र समोरच असते, तिथे अंगठा चुकत नाही. म्हणून हाताची वेळ साधारण ०.२४ सेकंदाने कमी भरते. १९७७ पासून शंभर मीटरच्या जागतिक विक्रमाला यंत्राचीच वेळ धरतात. हाइन्सचे ९.९५ मोडायला १९८३ उजाडले, तेही ९.९३ ने. २००९ मध्ये बर्लिनला उसेन बोल्ट ९.५८ वर पोचला. म्हणजे ४१ वर्षांत ३७ शतांश सेकंद! बायकांचा १०.४९ हा विक्रम तर १९८८ पासून तसाच आहे, जरी त्या शर्यतीतल्या वाऱ्याच्या मापावर अजून शंका घेतली जाते.

पोरीने वहीत बेरीज मांडली. १३.८ अधिक ०.२४, म्हणजे १४.०४. डोळे पुसून ती ओरडली, "मग मोडला की!"

आणि लगेच गप्प झाली. आपा दारात उभी होती.

"बरोबर आहे हिशेब," आपा म्हणाली. तिने कपाटातून ते प्रमाणपत्र काढले आणि पोरीच्या हातात दिले. "खाली तुझी वेळ लिही. पेनाने लिही." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "दहावीत किती भरली असती, ते काही यंत्र सांगणार नाही."

त्यावर आम्हाला काही बोलता आले नाही. तीस वर्षांपूर्वीही आलेच नव्हते.

रविवारी फज्रनंतर आपाने पोरीला उठवले आणि दोघी जिल्हा परिषदेच्या मैदानावर निघाल्या. आम्ही मागोमाग गेलो. पावलांनी अंतर मोजून दोन विटा ठेवल्या. आपाने ओढणी कमरेला घट्ट बांधली, चपला काढून ठेवल्या आणि विचारले, "वेळ कोण लावणार?"

मोबाइलवर अंगठा ठेवून आम्ही दोघे शेवटच्या विटेपाशी उभे राहिलो.