चपडा लाख आणि सात-पाचच्या बातम्या

माळशिरसात मोठा लाकडी रेडिओ कुणाकुणाच्या घरी आहे, हे एके काळी गल्लीला पाठ असायचं. सकाळी पुणे केंद्राच्या सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की ओट्यावर माणसं टेकायची. ‘आपली आवड’च्या वेळी आत्या-काकू निवडण्याचं सूप घेऊन उंबऱ्यापाशी बसायच्या. रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, त्यामुळे त्या खोक्याचा घरात मान मोठा. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर देवाचा फोटो. पोरांनी बटणाला हात लावायचा नाही, हा नियम कडक होता.

खोका नुसता शोभेचा नव्हता. मागे भोकं पाडलेला पुठ्ठा असे, कारण आतले व्हॉल्व्ह तापत. पुढे जाळीचं कापड आणि त्यामागे कागदी कोनाचा स्पीकर. भोवतीनं जाड प्लायवूड, त्यावर व्हिनियरचा पातळ थर. लाकडाच्या या घरात आवाजाला अंग यायचं. निवेदकाचा खर्ज तर पार परसापर्यंत पोचायचा.

उन्हाळ्यात लग्नाच्या कपाटाला पॉलिश करायला सुतारमामा आले की रेडिओवरही हात फिरे. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची. जुन्या धोतराच्या फडक्यात कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि तो न थांबवता फिरवत राहायचं. जरा थांबला की तिथं डाग. “दाबू नगा, फिरवा,” असं मामा बजावत. पावसाळ्यात ते हे काम घेत नसत. हवा दमट असली की लाखेवर पांढुरकी झाक येते. म्हणून माउलींची पालखी मुक्कामाला यायच्या कितीतरी आधी, वैशाखातच सगळं उरकायचं. आमच्या कोरड्या उन्हाचा तेवढाच उपयोग!

त्या काळच्या 78 आरपीएमच्या ग्रामोफोन तबकड्यांतही लाखच असायची. पळस-बोरीच्या फांद्यांवर किड्यांनी तयार केलेली लाख. खोक्याची चकाकी तिची आणि गाण्याचे चरही तिच्यातच उमटलेले.

आता गाणं खिशात आलं. ज्याला हवं ते, हवं तेव्हा ऐकता येतं. परवान्याची कटकट ऐंशीच्या दशकातच संपली. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ताटकळायला नको, हे चांगलंच झालं. पण प्लास्टिकचा ब्लूटूथ स्पीकर बिघडला की बहुतेक वेळा थेट भंगारात जातो. त्याला पॉलिश करायचं कुणाच्या मनातही येत नाही.

लाकडी खोके मात्र अजून माळ्यावर सापडतात, आणि हल्ली हौशी मंडळी घरीच ते उजळवतात. सुतारमामांच्या जागी मोबाइलवरचा व्हिडिओ. हौस चांगली, घाई वाईट. आधी स्पीकर स्क्रू काढून बाजूला ठेवावा, नाहीतर घासल्याची भुकटी कोनात जाते. व्हिनियर पापडासारखं पातळ. जाड पॉलिश पेपर आडवा-तिडवा मारला की खालचं प्लाय उघडं पडतं. बारीक पेपर, तोही लाकडाच्या रेघांच्या दिशेनंच. वाळवीची भोकं आधी बघावीत, चकाकीचं नंतर.

मग प्रश्न येतो पीयू (पॉलियुरेथेन) की लाख. पीयूचा थर काचेसारखा चमकतो, त्यावर पाणी सांडलं तरी बिघडत नाही. लाखेवर गरम चहाचा कप ठेवला की गोल डाग पडलाच. तरीही रेडिओच्या खोक्याला मी लाखच लावीन. पीयूवर ओरखडा उठला तर बरेचदा सगळा थर घासून काढावा लागतो. लाखेचा नवा हात मात्र स्पिरिटमुळे जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. मामांच्या हातचं पॉलिश खाली तसंच राहतं, वर आपलं चढतं. आणि उद्या घरातल्या एखाद्या नातवाला हुक्की आलीच, तर त्यालाही आपलं केलेलं खरवडून काढावं लागणार नाही.