पंपावरचे ओले फडके

गाडी जुनी झाली की तिच्या मालकास बोलके व्हावे लागते. नव्या मोटारीचा धनी बॉनेट न उघडताच वर्षे काढतो. आम्हां फियाटवाल्यांस ते सुख नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून डिलाइट या नावाने निघालेली आणि पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली ही 1089 सीसीची गाडी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. टॅक्सी भरपूर धावत होत्या तोवर सुट्या भागांची ददात नव्हती आणि मिस्त्रींचीही नव्हती. आता मिस्त्री थकले, त्यांच्या मुलांनी निराळे व्यवसाय धरले, आणि गाडी चालती ठेवायची तर तिची विद्या मालकांनीच एकमेकांस शिकवणे प्राप्त झाले.

आमची ही देवघेव कुलदैवताच्या दारी होते. कोणी बेळगावहून येतो, कोणी मुंबईहून. मंगेशीची सोमवारची पालखी आटोपली, प्रसाद झाला, की पावले आपोआप गाडीतळाकडे वळतात. घरची मंडळी याला दुसरी आरती म्हणतात, म्हणोत बापडी.

या मैफलीत मिळालेली पहिली विद्या ओल्या फडक्याची. बेळगावकडे जाताना चोर्ल्याचा घाट वैशाखात चढू लागले की इंजिन आचके देते आणि बंद पडते. टाकीत पेट्रोल असते, बॅटरीही ठीक असते. होते ते असे की, इंजिनाच्या अंगालाच बसवलेला पेट्रोलचा पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही. अशा वेळी स्टार्टर मारून बॅटरी संपवू नये. बॉनेट उघडावे, पंपावर ओले फडके ठेवावे आणि दहापंधरा मिनिटे घाट न्याहाळावा. पंप निवला की गाडी मुकाट्याने चालू लागते.

दुसरी विद्या दिव्यांची. जुन्या फियाटचा उजेड पिवळट पडतो, याचा दोष पुष्कळदा बल्बचा नसून तारेचा असतो. 60 वॉटचे दोन हॅलोजन बल्ब लावले की 12 व्होल्टवर सुमारे 10 अँपियर प्रवाह लागतो. तो जुनाट स्विच आणि लांबलचक तार यांतून फिरून येईतो अशक्त होतो, आणि स्विच तापतो तो वेगळाच. उपाय स्वस्त आहे. मध्ये रिले बसवावा. स्विचने केवळ रिलेस हुकूम द्यावा. बल्बचा प्रवाह बॅटरीकडून फ्यूजमधून थेट यावा. हे आम्हांस शिकवणारे गृहस्थ पेशाने शाळामास्तर! त्यांनी आकृती वहीत काढून दिली आणि बदल्यात एक पैचीही अपेक्षा ठेवली नाही.

आमच्याकडे गवयांची घराणी ठेवणीतली चीज दुसऱ्याच्या शिष्याच्या कानी पडू देत नसत. या मोटारवाल्यांत मात्र एखाद्यास युक्ती सापडली की ती सांगितल्यावाचून त्याला चैन पडत नाही.

अर्थात सांगितलेले सारेच ग्राह्य नसते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून एका स्नेह्याने त्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याचा तोडगा मोठ्या उत्साहाने मांडला. मंडळींनी त्यांस तेथेच थांबवले. फ्यूज उडतो तो तार जळू नये म्हणून. त्याचे तोंड बंद केले तर आग लागायची. ब्रेकच्या बाबतीत तर आम्ही अधिकच सोवळे पाळतो. तेल किती उरले ते पाहावे, नळी पाझरते का तेही पाहावे. परंतु ब्रेक खोलण्याचे काम जाणत्या मिस्त्रीच्या हातूनच व्हावे. घाट उतरताना पाठीमागे मुलेबाळे बसलेली असतात.

अलीकडे नवी चिंता आली आहे ती 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकण्याचे भय असते. म्हणून गेल्या काही भेटींत गप्पांचा विषय एकच: इथेनॉलला टिकणारी नळी कोणत्या दुकानी मिळते. ज्याला मिळाली त्याने चौघांपुरती आणली.

एका प्रश्नावर मात्र एकमत नाही. पॉइंट काढून टाकून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे काय? तरुण म्हणतात, बसवावे. घासणे नाही, फट मोजणे नाही. वृद्ध म्हणतात, ते यंत्र घाटात मेले तर त्यात घासायलाही काही नसते. नवे बसवणारेही पॉइंटची जुनी प्लेट आणि कंडेन्सर डिकीत जपून ठेवतात. आम्हीही ठेवतो.