किती चौरस फूट?

हिंगोली,
सोमवार, रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझं पाकीट दुपारी मिळालं. अर्जाची प्रत, सह्यांची दोन पानं आणि वर टाचलेली चिठ्ठी: ‘आत्या, कमाल किती चौरस फूट लिहू? लवकर कळव.’ बस्स! वहिनीच्या गुडघ्याबद्दल एक अक्षर नाही. पण ती पानं हातात घेऊन मी कितीतरी वेळ ओट्यावर बसून राहिले. मोंढ्यातलं आपलं दुकान बंद झालं त्या दिवशी तू शटरकडे वळूनही पाहिलं नव्हतंस. तोच तू आज वसमतला दारोदार सह्या मागत फिरतोस. आबा असते तर बोलले काहीच नसते, पण रात्री जेवणं झाल्यावर स्वतः लावलेलं पान तुझ्यापुढे ठेवलं असतं.

आता रागावते. अर्जाच्या डोक्यावर ‘मोठी दुकाने हटाव’ असं लिहिलंयस, ते आधी खोड. आपण कुणाला हटवायला निघालेलो नाही; नव्यानं येणाऱ्या दुकानाला माप असावं, एवढंच मागतोय. ‘हटाव’ वाचलं की साहेब पुढचं वाचत नाहीत. अर्ज नुसता मुख्याधिकाऱ्यांना देऊनही भागणार नाही. २०२० पासून बांधकामाची नियमावली जवळजवळ साऱ्या राज्याला एकच आहे. त्यामुळे नगरपरिषदेनं ठराव केला तरी नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात, महिनाभराची मुदत द्यावी लागते आणि शेवटचा शिक्का मंत्रालयातच बसतो. म्हणून एक प्रत तिकडेही पाठव.

आणि हे चौरस फुटांचं मागणं मुळात का करावं लागतंय, तेही नीट मांड. सप्टेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापारात परदेशी भांडवलाला ५१ टक्क्यांपर्यंत वाट मोकळी झाली, तेव्हा व्यापाऱ्यांनी देशभर बंद पाळला. आपल्या राज्यानं होकार दिला होता. पण ती दुकानं दहा लाखांवरच्या वस्तीच्या शहरांपुरती होती. आपली हिंगोली २०११ च्या जनगणनेत ८५ हजारांच्या आसपास, वसमत त्याहून लहान. सगळे म्हणाले, आपण सुटलो. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. अट मालक कुठला यावर होती. दुकान केवढं यावर नव्हती. देशी मालकाला ती लागूच नाही. त्याच्या नकाशात वापराचा विभाग, रस्त्याची रुंदी, पार्किंग सगळं तपासतात. शेजारच्या चाळीस दुकानांचं काय होईल याचा रकाना त्या तपासणीत नाही. तो रकाना तू मागतोयस, म्हणून तर मला भरून आलं.

‘दुकान फुटपट्टीनं कसं मोजणार?’ असं कुणी म्हणालं तर जानेवारी २०२२ ची आठवण दे. सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा शंभर चौरस मीटरची अट घातली होतीच की! वाइनसाठी माप निघतं, तर तुरीच्या डाळीसाठीही निघेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता देते. जर्मनीच्या बांधकाम नियमात बाराशे चौरस मीटर एकूण मजलाक्षेत्राच्या वर गेलेलं किराणा दुकान सहसा कुठेही काढू देत नाहीत. ते शहराच्या मध्यवर्ती भागात किंवा त्यासाठीच राखलेल्या जागेत जावं लागतं. आपल्या हिशोबानं ते साधारण तेरा हजार चौरस फूट झालं. वसमतसाठी मला तेही जास्त वाटतं. फ्रान्सनं १९७३ साली, तूर शहराचे महापौर राहिलेले रॉये व्यापारमंत्री असताना, कायदा केला: लहान गावांत हजार चौरस मीटरच्या वर विक्रीची जागा असेल तर स्थानिक समितीची परवानगी हवी. पण पुढे त्या समित्याच पैसे खाण्याची जागा झाल्या, आणि मोठी दुकानं वाढायची ती वाढलीच. म्हणून ‘समिती नेमावी’ असं लिहू नकोस. नियमातच आकडा असू दे. ज्याला जास्त हवं त्यानं सगळ्या गावासमोर येऊन मागावं.

पण बाळ, तू नुसता आकडा मागितलास आणि माझ्या डोळ्यांसमोर आली ती आबांची लाल वही. खातं फिटलं की ते पानाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावायचे, आठवतं? बहात्तरच्या वहीत त्या वर्षी एकाही पानाला ते बोट लागलं नाही. मी तेव्हा शाळेत होते. माणसं दुष्काळी कामाच्या खडीवरून यायची, बोटांना चिंध्या बांधलेल्या. कुणी ‘द्या’ म्हणायचंच नाही, नुसतं उभं राहायचं. आबा लाल मिलो ज्वारी मापून द्यायचे, वहीत लिहायचे आणि पुढच्याला ‘या’ म्हणायचे. त्यातली काही बोटं चौऱ्याहत्तरला लागली, काही पंच्याहत्तरला. काही लागलीच नाहीत. त्या पानांबद्दल त्यांनी घरात कधी शब्द काढला नाही. आजही हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, मग मोंढ्यात न्यायची. तोवर घर चालतं ते कोपऱ्यावरच्या दुकानाच्या वहीवर. ‘हळद विकली की देतो’ हे वाक्य बारकोडच्या यंत्राला ऐकू येत नाही. गल्ल्यावरचा पोरगा वाईट नसतो रे, त्याला तो अधिकारच नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी तुला शंभरदा ऐकवलंय: गावातली उधारी हा शेतकऱ्याचा विमा आहे, आणि तो कुठल्याच विकास आराखड्यात दाखवत नाहीत. नरसी आपल्याच जिल्ह्यातली. नामदेवांनी धोंड्यांना उधारीवर कापड दिलं आणि धोंडोबालाच जामीन धरलं, ही कथा आपल्याकडच्या बायका अजून सांगतात.

दुसरी बाजूही लपवू नकोस. काट्यात मारणारे, डाळीत खडे घालणारे दुकानदार आपण दोघांनी पाहिलेत. मोठ्या दुकानात भाव छापलेला असतो, बाईमाणसाला कुणी टाकून बोलत नाही. आईला विचार, तिला ते का आवडतं. तिचं ऐकल्याशिवाय दुसरी सही घेऊ नकोस.

कारण मला खरी काळजी तुझ्या त्या दोन पानांची वाटते. एकूण एक सह्या दुकानदारांच्या, निम्म्यांवर तर दुकानाचे शिक्के! घेणाऱ्यांची एकही नाही. साहेब म्हणतील, व्यापाऱ्यांचं पोट दुखतंय. तू बायकांकडे जा. दारूच्या दुकानासाठी २००८ पासून नियम आहे: पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, आणि निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद. किती गावांत बायकांनी ते करून दाखवलं! दार झाकून सभा घेणारे पुरुष ते करू शकले नसते. किराण्याच्या दुकानाला असा नियम नाही, पण त्या बायकांना सह्या गोळा करायचं तंत्र ठाऊक आहे. बचत गटांच्या बैठकांना जा, हमालवाड्यात जा, मापाड्यांना विचार. मोंढ्यात काम करणारी तीच माणसं संध्याकाळी पिशवी घेऊन किराण्याला येतात.

आणि तुझं काय? नोकरी सांभाळून हे करतोयस. कुणी धमकावलं का? चिठ्ठीत तुझं अक्षर थरथरल्यासारखं वाटलं; घाईचं असेल, पण मला झोप लागेना. एकट्यानं कुणाच्या ऑफिसात जाऊ नकोस, दोघं-तिघं बरोबर ने. अर्ज दिलास की पोच घे, तारखेसकट. आणि औंढ्याच्या बाजूनं रात्री मोटारसायकल चालवत येत जाऊ नकोस, उसाचे ट्रॅक्टर विनादिव्याचे उभे असतात. मागच्या वर्षी नाना कसे वाचले ते तू पाहिलंस.

माझी सही केली आहे, तिसऱ्या पानावर, सर्वांत वर. आकडा मी पेन्सिलीनं लिहिलाय: आठ हजार. घेणाऱ्यांच्या पन्नास सह्या झाल्या की त्यांच्यासमोर तो शाईनं गिरव, किंवा त्या म्हणतील तो घाल.

बहात्तरची वही सोबत पाठवते आहे. प्लास्टिकमध्ये गुंडाळलीय, ओल लागू देऊ नकोस. सभेत दाखवलीस तरी नावं वाचू नकोस, त्यांची नातवंडं अजून गावात आहेत.

वहिनीच्या गुडघ्याचं कळव.

तुझी,
आत्या