आठवड्याचे किलोमीटर

शनिवार, 1 मार्च 2025, पिंपळगाव बसवंत
मीटर 18. चहा पाच, 60 रुपये. सकाळी सातला गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर लावली, भरायला घेतली दुपारी दोनला. 360 गोण्या लाल कांदा, 18 टन. मग काटा, पंप, ताडपत्री, दोर. रात्रीचे नऊ. लांब पल्ल्याचा ड्रायव्हर आठवड्याला किती अंतर कापतो ते केबिनमध्ये बसून मोजायचं, म्हणून रोज मीटर लिहिणार आहे. आज गाडीचे ड्रायव्हर काका चौदा तास उभे आणि मीटर 18.

रविवार, इंदूर बायपास
मीटर 371. पहाटे चारला निघालो, रात्री आठला थांबलो. चहा सहा, 90 रुपये. जेवण दोन वेळचं, 280. शिरपूरजवळ रस्त्याचं काम, 50 मिनिटं. पाठ दुखते.
बिजासन घाट चढून गेल्यावर मध्य प्रदेशचा तपासणी नाका असायचा. तिथं कधी कधी अख्खी रात्र जायची, काका सांगतात. 1 जुलै 2024 पासून त्या राज्यानं आपले नाके बंद केले. तरी सेंधवा जवळ आलं की काकांनी कागदांची पिशवी मांडीवर घेतलीच.

सोमवार, गुना
287. मागचं आतलं टायर बसलं, अडीच तास. चहा चार. पाठ.

मंगळवार, मथुरेच्या अलीकडे
393, आतापर्यंतचा सर्वांत जास्त. चंबळ ओलांडली तेव्हा ऊन कलत होतं.
दुपारी शिवपुरीच्या पुढे काकांनी गाडी कडेला घेतली, स्टोव्ह काढला आणि पिठलं टाकलं. कांदा घरून आणलेला. मागे 18 टन कांदा असताना त्यातला एकही ते घेत नाहीत. वजन कमी भरलं की त्यांच्याच पैशांतून कापतात. चांदवड तालुक्यातले, 26 वर्षं स्टिअरिंगवर. पिठलं असं झालं होतं की मी तीन भाकरी खाल्ल्या, शिळ्या, तव्यावर गरम केलेल्या.
जेवताना त्यांनी विचारलं, "भाऊ, अमेरिकेत किती चालवतात?" मी सांगितलं, आठवड्याला दोन ते तीन हजार मैल, म्हणजे 3,200 ते 4,800 किलोमीटर. तिथला कायदा सलग दहा तास विश्रांतीनंतर अकरा तास गाडी चालवू देतो, आणि सात दिवसांत कामाचे साठ तास भरले की पुढे चालवता येत नाही. काका बराच वेळ भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "चालवायचं राहू द्या. त्यांची गाडी भरायला किती तास लागतात?"
प्रश्न नेमका होता. गोदामापुढे ताटकळणं तिथल्याही ड्रायव्हरांच्या नशिबी आहे. पण पुष्कळ ठिकाणी भरलेला ट्रेलर सोडायचा, दुसरा जोडायचा आणि निघायचं, अशी सोय आहे. काकांच्या गाडीचा डाला गाडीलाच जोडलेला. माल उभा तर काकाही उभे.

बुधवार, आझादपूर
168. मंडीबाहेर रांग. अजून रांग. झोपतो.

गुरुवार, कस्तुरबा गांधी मार्ग
मीटर 0. पहाटे तीन ते सकाळी अकरा गाडी खाली होत होती. काका गोण्या मोजत उभे. ट्रिपमागे पैसे मिळतात, थांबल्याचे काही नाही.
संध्याकाळी मेट्रोनं राजीव चौक, तिथून चालत इथे, नव्या महाराष्ट्र सदनात. काकांना चला म्हणालो. "गाडी सोडून कसं येऊ?" म्हणाले. इतकी वर्षं दिल्लीला येतात, पण हा रस्ता त्यांनी पाहिलेला नाही. कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जाणारी ही झाडांची सरळ ओळ, ब्रिटिश कौन्सिलच्या भिंतीवरचं काळं-पांढरं वडाचं झाड, काहीच नाही. अठरा टन घेऊन आलेल्या माणसाला आझादपूरच्या पलीकडे शहर नाही, याचं मला फार वाईट वाटतं.
खोलीत 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा वाचला. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. लांबच्या मार्गावर परवानगीनं दहा आणि 54. टर्मिनसवर नुसतं हजर राहण्याचा वेळ कामात धरायचा, पण तो पंधरा मिनिटांच्या आतला असेल तर. हे वाक्य मी चारदा वाचलं. शनिवारी खळ्यावर सात तास गेले होते.

शुक्रवार, कस्तुरबा गांधी मार्ग
6. काकांनी फोनवर सांगितलं: आझादपूरहून संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगर, तेवढंच. परतीचं भाडं दिवसभर नव्हतं.
सात दिवसांची बेरीज 1,243 किलोमीटर, साधारण 772 मैल. स्टिअरिंगवरचे तास माझ्या टिपणात चाळिसाच्या आसपास. बाकीचा सगळा वेळ काका गाडीपाशीच होते.
साडेनऊला पुन्हा फोन. माल मिळाला, पण इंदूरपर्यंतचाच. पुढे नाशिकसाठी पुन्हा थांबावं लागेल. भरती पहाटे पाचला म्हणालेत. मी साडेतीनला निघतो. उपाहारगृहातून ठेचा आणि चार भाकऱ्या बांधून घेतल्यात, दोन काकांच्या.