आपोआप

खानदेशातील वैशाख पाण्याला उघड्यावर राहू देत नाही. जळगावास पारा ४४-४५ अंशांवर चढला म्हणजे अंगणातील कुंड्या, पाखरांसाठी ठेवलेली परळे, गच्चीवरील हौद अशा सर्वांवर उन्हाचा हा अदृश्य कर बसतो. आणि तो भरावयास घरच्या माणसांनाच हातात तांब्या घेऊन उभे राहावे लागते.

आमच्या बैठकीत दोन फूट लांब व एक फूट रुंद अशी माशांची एक काचेची पेटी आहे. भर उन्हाळ्यात तिच्यातील पाणी रोज सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते. दिसावयास हे अगदी क्षुल्लक. परंतु लांबी-रुंदीचा गुणाकार करून पाहिला, तर दिवसाला पावणेदोन लिटरांहून अधिक पाणी हवेत विरते. म्हणून रोज सकाळी तांब्याने तेवढी भर घालावी, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. यंदा आमच्या मातोश्रींच्या डोळ्यातील मोतीबिंदू काढावयाचा असल्यामुळे आठ दिवस धुळ्यास राहणे प्राप्त झाले. शेजारची मंडळीही सुटीनिमित्त गावी गेलेली. तेव्हा ही भर आपोआप पडेल अशी काही योजना करणे भाग होते.

शंकराच्या पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र आम्हांस प्रथम आठवले. पण त्या पात्राची धार खालच्या गरजेकडे पाहत नाही. ती सारखी ठिबकतच राहते. आम्हांस हवे होते ते पाणी उणे पडले म्हणजेच देणारे आणि भरले म्हणजे थांबणारे साधन. ते आमच्याच खिडकीतील कूलरमध्ये होते. पाण्यावर तरंगणारा एक पोकळ गोळा, त्याला एक दांडी आणि दांडीच्या टोकाशी नळीचे तोंड दाबून धरणारी रबराची चकती, एवढाच तो सारा संसार. पातळी उतरली की गोळा उतरतो, तोंड उघडते. पातळी चढली की गोळा चढतो, तोंड मिटते.

तसाच एक लहान गोळा बाजारातून आणून आम्ही पेटीच्या काठाशी घट्ट बसविला. शेजारच्या उंच स्टुलावर पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरांचा जार ठेवून त्याच्या बुडाशी बारीक नळी जोडली. जारच्या झाकणास एक छिद्र पाडणे अवश्य होते; कारण आत हवा शिरली नाही, तर खाली पाणी उतरत नाही. ही नळी थेट घरच्या नळास जोडावी, अशी सूचना आमच्या चिरंजीवांनी केली. पण क्षार बसून चकती अडकली, तर नळाच्या पाण्याला अंत नाही. जारच्या पाण्याला तो आहे. आठ दिवसांचे पंधरा लिटर पाणी आम्ही जारमध्ये भरले. ते सारे एकदम पेटीत उतरले, तरी पातळी आठ सेंटिमीटर वाढणार. म्हणून काठाखाली दहा सेंटिमीटर जागा मोकळी ठेवली. यंत्र बिघडू नये म्हणून जपावेच. पण बिघडले तर त्याचा उपद्रव कोठवर जाईल, हेही आधी मोजून ठेवावे. काचेवर दोरा बांधून दोन दिवस पाहिले. पाणी दोऱ्यापासून फारसे हलले नाही.

धुळ्याच्या वाटेवर या गोळ्याचे थोर भाऊबंद आठवले. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या आरंभी जे काम केले, ते याच पांझरेच्या खोऱ्यात, दातर्ती येथे नळाचा सायफन बांधण्याचे होते. पुढे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी योजिलेले दरवाजे बसले. ठरलेल्या पातळीवर पाणी चढले की ते आपोआप उघडत, आणि उतरले की मिटत. त्यांच्याही पूर्वी कित्येक पिढ्या पांझरेवर बंधारे घालून फडांना पाणी देण्याची रीत चालत आली. तेथे पाणी उताराने आपले आपण वाहते, मोट लागत नाही. तरीही फडांची पाळी सांभाळीत पाटावरून फिरणारा पाटकरी मात्र लागतो.

मातोश्रींना आम्ही आमची करामत मोठ्या उत्साहाने सांगितली. डोळ्यावरील पट्टी सावरीत त्या म्हणाल्या, “चांगलं केलंस रे. पण तांब्या घेऊन उभा राहायचास, तेव्हा मासे मोजून व्हायचे. ते आता कोण मोजील?”

या प्रश्नास उत्तर नव्हते. वाफेबरोबर पाणी जाते, क्षार मागे राहतात. भर कितीही अचूक पडली, तरी पेटीतील पाणी हळूहळू जड होत जाते, आणि अधूनमधून ते थोडे काढून बदलावे लागते. हे त्या गोळ्याला कळत नाही. त्याला पातळी कळते, पाणी कळत नाही. एखादा मासा कोपऱ्यात निपचित आहे, हेही त्याच्या हिशेबात नाही.

आमच्या खात्यातून मातोश्रींच्या खात्यात दरमहा पहिल्या तारखेस ठरलेली रक्कम अशीच आपोआप जमा होते. ही सोय चांगली आहे. ती नसताना त्यांस पैशासाठी वाट पाहावी लागे. परंतु मोतीबिंदू पिकल्याचे वर्तमान त्या रकमेने आम्हांस दिले नाही. गेल्या दिवाळीत आम्ही धुळ्यास असताना मातोश्री जळती काडी निरांजनातील वातीऐवजी शेजारच्या ताम्हनाशी नेऊ लागल्या, तेव्हा ते दिसले.

आठ दिवसांनी परतलो, तो जारमध्ये चार बोटे पाणी उरले होते आणि पेटीतील नऊही मासे सुखरूप होते. गोळा आम्ही काढून टाकला नाही. हाताचे काम त्याने घेतले, ते त्यानेच करावे. डोळ्यांचे काम त्याने घेतलेले नाही, म्हणून सकाळची ती पाच मिनिटे आम्ही तशीच ठेवली आहेत. मातोश्रींना आता भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे चष्म्यावाचून दिसतात. आम्ही धुळ्यास केव्हा येणार, त्या रविवारांभोवती त्यांनी वर्तुळे काढून ठेवली आहेत.