पाटी वाचा, मग बसा: केपटाऊनचे दोन बाक

केपटाऊनला जाणारे बहुतेक पर्यटक टेबल माउंटनवर जातात, पेंग्विन बघतात, समुद्रकिनारी फोटो काढतात आणि परत येतात. तुम्ही गेलात तर अर्धा दिवस शहरात पायी फिरायला ठेवा. कंपनीज गार्डन ही जुनी बाग बघून झाली की तिच्या शेजारच्या क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर या. तिथे हायकोर्टाच्या जोडइमारतीबाहेर दोन बाक दिसतील. चालून पाय दुखत असतील, बसावंसं वाटेल. पण आधी बाकांवरची अक्षरं वाचा. एकावर लिहिलं आहे, 'फक्त गोऱ्यांसाठी'. दुसऱ्यावर, 'फक्त गोरेतरांसाठी'.

आता तुम्ही कुठे बसाल?

आपल्यापुरतं उत्तर तेव्हा ठरलेलं होतं. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतले भारतीय गोरेतरांत मोजले जात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेला डॉक्टर असो की ऊसमळ्यातला मजूर, बाक एकच.

हे बाक त्या काळातले नाहीत. रॉडरिक सॉल्स या कलाकाराने केलेलं हे स्मारक आहे. ते इथेच का, याला कारण आहे. 1950च्या कायद्याने प्रत्येक माणसाची नोंद वंशानुसार करायला सुरुवात झाली. ज्यांच्या नोंदीवरून वाद होता, त्यांची सुनावणी 1960च्या दशकात याच इमारतीत चाले. माणसाची कातडी, नाक, केस तपासले जात. केसांत पेन्सिल खोवायची. ती अडकून राहिली तर माणूस गोरा नाही, अशीही एक 'परीक्षा' होती. एकाच घरातली सख्खी भावंडं वेगवेगळ्या गटांत गेली. आणि गट ठरला की शाळा, वस्ती, दवाखाना आणि बाक, सगळंच ठरलं.

1953मध्ये सार्वजनिक सोयी वेगळ्या ठेवण्याचा कायदा आला. वेगळ्या सोयी सारख्या दर्जाच्या असायलाच हव्यात असं नाही, हेही त्यात स्पष्ट होतं. मग पोस्टाच्या खिडकीवर, स्टेशनच्या जिन्यावर, बसमध्ये, स्वच्छतागृहावर, बागेत, सगळीकडे पाट्या लागल्या. बहुतेक पाट्या इंग्रजी आणि आफ्रिकान्स या दोन भाषांत असत.

जुन्या पाट्या आज संग्रहालयांत पाहताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांवर शिवी नाही, धमकी नाही. 'गवतावरून चालू नये' असं जितक्या सरळपणे लिहावं, तितक्याच सरळपणे लिहिलेलं आहे. कुणीतरी कचेरीत बसून या पाट्यांची ऑर्डर दिली, कुणी अक्षरं रंगवली, कुणी स्क्रू पिळून त्या भिंतीवर बसवल्या. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं. त्यानंतर दर बाकापाशी पोलीस उभा करायची गरज उरली नाही. येणारा-जाणारा पाटी वाचे आणि आपली जागा ओळखून घेई.

बाकांपासून थोडं चालून बुइटेनकांट स्ट्रीटवर या. एका जुन्या चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय आहे. डिस्ट्रिक्ट सिक्स ही शहराला लागून असलेली, नाना जातीधर्मांच्या लोकांची गजबजलेली वस्ती. 1966मध्ये ती गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे 60,000 माणसांना तिथून हलवलं गेलं. घरं बुलडोझरने पाडली. संग्रहालयात मात्र त्या वस्तीतल्या गल्ल्यांच्या मूळ पाट्या टांगलेल्या आहेत. पाडकामावर देखरेख करणाऱ्या एका माणसाने त्या फेकून न देता जपून ठेवल्या होत्या. खाली जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा आहे. जुन्या रहिवाशांनी आपापलं घर जिथे होतं, तिथे स्वतःच्या हाताने नावं लिहिली आहेत. इथे घाई करू नका.

पुढे जोहान्सबर्गला जाणार असाल तर तिथलं अपार्थाइड म्युझियम चुकवू नका. 2001मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाचं तिकीट घेताच तुम्ही 'गोरे' किंवा 'गोरेतर' होता. कोण काय, हे निव्वळ योगायोगावर. आत जायची दारंही दोन. नवऱ्याच्या हाती एक तिकीट आणि बायकोच्या हाती दुसरं आलं, तर दोघांची वाट वेगळी. थोड्याच वेळात पुन्हा भेट होते, पण जाळीपलीकडे आपलं माणूस दिसतंय आणि आपण त्याच्या बाजूला जाऊ शकत नाही, हे ते काही क्षण पुरेसं समजावून सांगतात. अगदी लहान मुलांना मात्र इथे नेऊ नका. आतली काही दृश्यं त्यांना झेपणारी नाहीत.

डर्बनला भारतीय वंशाची मोठी वस्ती आहे. तिथे तर समुद्रही वाटलेला होता. गोऱ्यांचा किनारा वेगळा, भारतीयांचा वेगळा, आफ्रिकींचा वेगळा. हा किनारा फक्त गोऱ्यांसाठी आहे, असं सांगणारी पाटी इंग्रजी, आफ्रिकान्स आणि झुलू अशा तीन भाषांत होती. सगळे किनारे सर्वांना खुले करण्याची घोषणा 1989च्या नोव्हेंबरमध्ये झाली आणि 1953चा तो कायदा 1990मध्ये रद्द झाला. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या माणसाने ती पाटी लहानपणी वाचलेली असू शकते.

डर्बनहून गाडीने साधारण तासाभरावर पीटरमॅरिट्झबर्ग आहे. 7 जून 1893च्या रात्री तिथल्या स्टेशनवर गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवण्यात आलं. आज त्या फलाटावर ही घटना सांगणारी पाटी आहे.

पुन्हा केपटाऊनच्या बाकांकडे वळू. आज दोन्हींवर कुणीही बसतं. डबा खाणारे, फोनवर बोलणारे, पायांना विश्रांती देणारे. तुम्हीही बसा, आधी एकावर, मग दुसऱ्यावर. मुलं सोबत असतील तर त्यांना अक्षरं मोठ्याने वाचू द्या. ती विचारतील, "म्हणजे आपण इथे बसायचं नाही?" उत्तर द्यायला वेळ घ्या.

आणि घरी परतल्यावर सोसायटीच्या लिफ्टपाशी क्षणभर थांबा. कामाला येणाऱ्या मावशींनी कोणती लिफ्ट वापरायची, हे सांगणारी एखादी पाटी तिथे आहे का, ते बघा. असेल, तर ती आपण आजवर किती वेळा वाचली आणि पुढे गेलो, तेही आठवा. ती काढायला फक्त एक स्क्रू-ड्रायव्हर लागतो.